हाताची विद्या आणि गाडीचा मागचा ॲक्सल

कारकुनी करणाऱ्या घरात अवजारांची पेटी क्वचितच सापडते. खिळा ठोकायचा झाला तरी शेजाऱ्याची हातोडी मागून आणावी लागते. आमच्या घरी मात्र ती पेटी आहे, कारण आमच्या दारात १९९४ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून ती जुनीच विकत घेतली होती. वस्तीत रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, की आमच्याच दाराची कडी वाजते. त्यामुळे ही गाडी बंद पडली तर तो आमच्या एकट्या घराचा प्रश्न राहत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात गाडीच्या मागून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की तो वाढे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की त्याचा सूर बदले. मागच्या ॲक्सलचे ऑइल भांड्यात सोडून पाहिले, तर त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

वाचक बंधू-भगिनींनो, हा ॲक्सल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. बैलगाडीला आख असतो, तसाच हा. पण बैलगाडीची दोन्ही चाके आखावर मोकळी फिरतात, म्हणून वळताना अडचण येत नाही. मोटारीत इंजिनाची शक्ती चाकांना फिरवते. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचे अंतर तोडावे लागते आणि आतल्या चाकाला जवळचे. दोघांना एकाच गतीने फिरवले तर टायर घासतील आणि गाडी अडखळेल. म्हणून ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात डिफरन्शियल बसवलेले असते. ते शक्ती दोघांनाही देते, पण गतीचा फरक सांभाळून घेते. आमच्या गाडीत याच गोळ्यातले दाते झिजले होते.

एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, "साहेब, भंगारात घाला!" हिशेबाने पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबले. शिवाय खासगी गाडीची पंधरा वर्षे भरली की दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण होते. आमचे २०२४ चे नूतनीकरण तोंडावर आले होते.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी जात होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचा काळ संपला. जी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, तिचेच सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळतात. तिथेच आम्हांला एका मोडीत निघालेल्या पद्मिनीचा ॲक्सल मिळाला.

तो निवडून दिला आमच्या ओळखीच्या मामांनी. मामा चौथी शिकलेले. चाळीस वर्षे टॅक्सी दुरुस्त केल्या. आता गुडघे वाकत नाहीत, हात थरथरतो. बाजारात त्यांनी ॲक्सलची दोन्ही चाके एकदम एक पूर्ण फेरा फिरवायला लावली आणि पुढचा दांडा किती फेरे घेतो ते मोजायला सांगितले. घरी आमच्या ॲक्सलचे फेरे मोजून आणलेच होते. दोन्ही आकडे जुळले तेव्हाच पैसे दिले. आकडा वेगळा असता, तर ॲक्सल जागेवर बसूनही गाडीची ओढ आणि स्पीडोमीटरचा काटा दोन्ही बिघडले असते.

मामा म्हणाले, "भाऊ, मी खुर्चीवर बसून सांगतो. हात तुमचे." काम दोन रविवारी करायचे ठरले. मुलांच्या आईने जुनी सतरंजी आणि झाकणाचे डबे काढून दिले. बारावीतली मुलगी वही घेऊन बसली.

पहिला आणि सर्वांत मोठा धडा गाडी उचलण्याचा. मामांच्या डाव्या पायाची दोन बोटे नाहीत. तरुणपणी जॅक सरकला आणि गाडी खाली आली. ते म्हणाले, "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही." पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. हँडब्रेक शेवटी मागचीच चाके धरतो. ती अधांतरी झाल्यावर त्याचा उपयोग शून्य. मग गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. ॲक्सलच काढायचा असल्याने घोडे त्याच्याखाली लावून चालत नाही. ते बॉडीच्या मजबूत भागाखाली, कमानपाट्यांच्या पुढे लावले. विटांना मामांनी हातसुद्धा लावू दिला नाही. वीट कधी फुटेल ते सांगता येत नाही. सर्वांनी मिळून गाडी हलवून पाहिली आणि मगच आम्ही खाली शिरलो.

गंजलेल्या नटांवर आठ दिवस आधीपासून रोज संध्याकाळी ऑइल सोडत होतो, म्हणून ते फार न रडता निघाले. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी मागच्या जोडावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे बसवताना तो होता तसाच बसतो. ब्रेकचा रबरी पाइप सोडून त्याचे तोंड बंद केले, शॉक ॲब्सॉर्बर सोडले आणि शेवटी कमानपाट्यांचे यू-बोल्ट. ड्रमच्या आतली धूळ मात्र फुंकून उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकले. लहान मुलांना तेवढा वेळ शेजारी पाठवले होते.

मुलगी प्रत्येक नट डब्यात टाकून वहीत नोंद करी: कुठला, किती, कोणत्या बाजूचा. आम्ही बी.कॉम. झालेले, पण व्हाउचरशिवाय नोंद नाही हा नियम नटांनाही लागतो, हे तिनेच दाखवले! जुना ॲक्सल बाहेर ओढायला चौघे लागले.

दुसऱ्या रविवारी 'नवा' चढवला. त्याआधी मामांनी दोन गोष्टी करून घेतल्या. ॲक्सलवरचे हवेचे बारीक छिद्र तारेने मोकळे केले. ते बुजले तर आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून ब्रेकवर येते. दोन्ही बाजूंची सील नवी घातली. मग ऑइल. नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरण्याच्या भोकापर्यंत येईल एवढेच भरले. आधी भरण्याचा बूच उघडतो की नाही ते पाहायचे आणि मगच सोडण्याचा बूच उघडायचा, हा क्रमही मुलीने वहीत अधोरेखित केला. यू-बोल्ट शेवटचे आवळले ते गाडीचा भार कमानपाट्यांवर आल्यानंतर.

ब्रेकमधली हवा काढून पेडल घट्ट झाले, तरी गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेक जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतले. स्वतः केलेल्या कामावर दुसऱ्याची नजर फिरवून घेणे यात कमीपणा नाही. ऑफिसात त्यालाच ऑडिट म्हणतात. तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले. घूंऽऽ आवाज गेला होता. २०२४ साली नूतनीकरणही झाले.

पैसे वाचले हे खरे. पण दोन रविवार आणि चार माणसांची मेहनत धरली तर फार वाचले असे म्हणता येत नाही. ज्यांच्याकडे चांगले घोडे नाहीत आणि शेजारी जाणकार नाही, त्यांनी हे काम घरी करूच नये.

आमच्या हाती लागले ते वेगळेच. मामांची विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. टॅक्सी गेली, तशी तीही त्यांच्याबरोबर गेली असती. आज आमच्या वस्तीतच गिरणीतले जॉबर आहेत, गवंडी आहेत, रेल्वेच्या वर्कशॉपमधले फिटर आहेत. मुलांना डिग्री मिळाली, की या माणसांना आपण 'अडाणी' म्हणून बाजूला बसवतो. त्यांच्या शेजारी एक वही घेऊन बसा, एवढीच विनंती. आमच्या मुलीची वही आता अवजारांच्या पेटीतच ठेवलेली आहे. तिच्यात चौतीस पाने भरली आहेत, आणि मामा अजून सांगतच आहेत.