रायपूर : मुलांच्या पुस्तकात यायला हवे असे गाव

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने नागपूर सोडले की भंडारा-गोंदियाची भातखाचरे मागे पडतात, डोंगरगडची टेकडी दिसते आणि राजनांदगाव, दुर्ग करीत सुमारे ३०० किलोमीटरवर रायपूर येते. मराठी प्रवासी बहुधा येथे उतरत नाही. ज्यांचे कुणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात किंवा रायपूरच्या कचेऱ्यांत नोकरीला आहे, तेवढेच सामान काढू लागतात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी बनले, रस्ते रुंदावले, इमारती उंच झाल्या. तरीही सहलीचा बेत आखताना हे नाव सहसा कुणाला सुचत नाही.

घरात आठ ते चौदा वर्षांची मुले असतील, तर मात्र या गावी दोन दिवस मुक्काम करावा. विज्ञान, निसर्ग आणि इतिहास यांची ओळख मुलांना ज्या गोष्टींतून व्हावी, त्या येथे एकाच शहरात सापडतात. मराठी मुलांच्या पुस्तकांत त्या क्वचितच भेटतात, हीच खंत आहे.

लाकडावरची अक्षरे

सुरुवात महंत घासीदास स्मारक संग्रहालयापासून करावी. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या आश्रयाने १८७५ साली हे संग्रहालय उभे राहिले. त्या वेळची अष्टकोनी इमारत आजही उभी आहे. आताची इमारत नंतरची. तिचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. सिरपूरच्या सुंदर धातुमूर्ती, शिलालेख, ताम्रपट, बस्तरच्या आदिवासी जीवनातील वस्तू असे बरेच काही येथे आहे. मोठी माणसे मूर्तींपाशी रेंगाळतात. मुलांना मात्र किरारीच्या खांबापाशी न्यावे.

हा खांब लाकडाचा आहे आणि जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे सातवाहनांच्या काळातला आहे. पैठणच्या सातवाहनांचे नाव मराठी मुलांनी शाळेत ऐकलेले असते. जुन्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावच्या तळ्यात तो शतकानुशतके पाण्याखाली, गाळात पडून होता. १९२१ च्या उन्हाळ्यात तळे आटले, गाळ उपसताना लोकांना तो सापडला आणि त्यांनी तो बाहेर काढला. ओले लाकूड उन्हात पडले, वाळू लागले, पापुद्रे सुटू लागले आणि त्यांच्याबरोबर त्यावर कोरलेली अक्षरेही गळून जाऊ लागली.

त्या वेळी पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या स्थानिक गृहस्थांनी एक काम केले. अक्षरे ब्राह्मी लिपीतली होती आणि ती लिपी त्यांना येत नव्हती. तरीही जे आकार दिसले ते त्यांनी एकेक करून कागदावर उतरवून घेतले. पुढे खांब नागपूरच्या संग्रहालयात गेला, तेव्हा त्यावर थोडीच अक्षरे शिल्लक होती. पंडित हिरानंद शास्त्री यांनी लेखाचा अभ्यास केला तो मुख्यतः या नकलेच्या आधाराने. त्यातून कळले, की लेखात अधिकाऱ्यांची आणि सेवकांची यादी आहे : नगराचा रक्षक, सेनापती, हिशेब ठेवणारा, हत्तीवरचा स्वार, घोड्यावरचा स्वार, मुदपाकखान्याचा प्रमुख, पत्रे पोचवणारा. राजाच्या पराक्रमाचे वर्णन करणारे लेख पुष्कळ आहेत. स्वयंपाकी आणि टपाल नेणारा यांना जागा देणारा असा लेख विरळा.

मुलांसाठी इतिहासाचे पुस्तक लिहायचे, तर याहून चांगला पहिला धडा कोणता? पाण्यातले लाकूड इतकी वर्षे का टिकले आणि उन्हात आल्यावर का फुटले, हा त्यातला विज्ञानाचा प्रश्न. गाळात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते कुजवणाऱ्या जिवांचे तेथे फारसे चालत नाही. बाहेर आल्यावर आतले पाणी भराभर उडून जाते, लाकूड आकसते आणि तडकते. एका खांबात इतिहास आणि विज्ञान दोन्ही आले. आणि ज्याला वाचता येत नव्हते त्यानेच लेख वाचवला, ही गोष्ट तर कोणतेही मूल विसरणार नाही.

शाळा नसलेल्या गावातला विद्यार्थी

संग्रहालयातून बूढा तालाबाकडे जाता येते. रायपूर हे तळ्यांचे गाव. वाढत्या शहराने त्यांतली काही गिळली. तेलीबांधा तळ्याकाठी फिरायला चकचकीत रस्ता झाला आणि लोक त्याला मरीन ड्राइव्ह म्हणू लागले. बूढा तालाबाचे नाव आता विवेकानंद सरोवर आहे, मधोमध स्वामीजींचा भव्य पुतळा आहे.

१८७७ मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा १४ वर्षांचा मुलगा कुटुंबासह येथे आला. वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात होते. रेल्वे अजून येथवर आली नव्हती, म्हणून कित्येक दिवस बैलगाडीचा प्रवास घडला. डोंगराच्या कपारीत एक प्रचंड मधाचे पोळे त्याने पाहिले आणि तो विचारात इतका बुडाला, की भोवतालचे भान राहिले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. गावात योग्य शाळा नव्हती. मग वडीलच शिक्षक झाले. घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत त्याला बसू दिले जाई आणि त्याचे मत विचारले जाई. सुमारे दोन वर्षांनी कुटुंब कलकत्त्याला परतले.

स्वामीजींचे संन्यासी रूप मुलांच्या पुस्तकांत नेहमी असते. पोळ्याकडे टक लावून पाहणारा हा मुलगा मात्र मुलांना अधिक जवळचा वाटेल. मधमाशी षटकोनच का बांधते, हे विचारण्याची वेळ तीच असते.

तेवीस हजार धानांचे गाव

निसर्गाचा धडा इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया या शास्त्रज्ञांनी रायपूरला राहून खेड्यापाड्यांतून धानाचे हजारो वाण गोळा केले. विश्वविद्यालयाच्या संग्रहात आज सुमारे २३ हजार नमुने आहेत. दुबराज, जीराफूल, विष्णुभोग, बादशाहभोग ही त्यांतली काही नावे. कुठला पाणी साचलेल्या शेतात तग धरणारा, कुठला कमी पावसात लवकर पिकणारा, कुठला घमघमाटाचा. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून जपलेले हे ज्ञान आहे.

ताटातला भात एकच असतो असे समजणाऱ्या शहरी मुलाला हे ऐकून नवल वाटते. विदर्भातल्या आणि कोकणातल्या घरांनाही आपल्या आजीच्या वेळचे तांदूळ आठवून पाहण्याजोगे आहेत.

मराठी घरांचा वाटा

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली. पुढे इंग्रजी अमलात हा मुलूख आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात राहिले. शिक्षक, वकील, कारकून अशी अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. तात्यापारा, लाखेनगर ही नावे त्याची साक्ष देतात.

माधवराव सप्रे यांचे शिक्षण रायपूरला झाले आणि १९२६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. घरची भाषा मराठी, पण त्यांनी आयुष्य हिंदीला वाहिले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी रामराव चिंचोलकरांच्या साथीने पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले. प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. मासिक तीनच वर्षे चालले आणि ते मुलांसाठी नव्हते. परंतु काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय शब्दांचा कोश हाती घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्रे यांच्याकडे आले. ज्ञान मुलांपर्यंत न्यायचे तर आधी त्यांच्या भाषेत शब्द हवेत. सप्रे यांनी दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्यही हिंदीत नेले. बूढापारा भागात त्यांच्या नावाची शाळा आहे.

आज रायपूरच्या मराठी घरातले मूल आजीशी मराठीत बोलते, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी ऐकते, शाळेत अनेकदा इंग्रजी वाचते. पुण्या-मुंबईहून आलेल्या मराठी पुस्तकात त्याला शिवनेरी, सह्याद्री आणि कोकणचा समुद्र भेटतो. तो भेटायलाच हवा. पण दाराजवळचे तळे, संग्रहालयातला खांब, बाजारातला दुबराज कोणत्याच पुस्तकात दिसला नाही, तर ज्ञान म्हणजे दूर कुठेतरी घडणारी गोष्ट, असे ते धरून चालते. हळूहळू मराठी पुस्तकही मागे पडते. आजी बोलते ती भाषा राहते, वाचायची भाषा मात्र घरातून जाते. नुकसान होते ते येथे.

उपाय हाताशी आहेत. १९७२ मध्ये होशंगाबादच्या सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा रायपूरही मध्य प्रदेशातच होते. त्या उपक्रमाचे ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक तयार उत्तरे देत नसे. मुलांनी करून पाहावे आणि लिहावे, अशी त्याची रीत होती. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला, पण त्यातूनच उभ्या राहिलेल्या एकलव्य संस्थेचे, १९८५ साली सुरू झालेले ‘चकमक’ मासिक मुलांच्या हाती राहिले. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अनेक भाषांत निघते. त्यातले एकच पुस्तक मराठीत आणि हिंदीत आणून मुलापुढे शेजारी ठेवता येते. बालभारतीच्या १९७१ पासूनच्या ‘किशोर’चे जुने अंक आणि अरविंद गुप्ता यांनी जमवलेली असंख्य पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य आहेत.

लेखकांचीही या गावाला वाण नव्हती. कृषी महाविद्यालयात शिकवणारे विनोद कुमार शुक्ल येथेच राहिले. २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या या लेखकाने उतारवयात मुलांसाठी कथा-कविता लिहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये ते गेले.

रायपूरला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उन्हाळा फार कडक असतो. नोव्हेंबरात धानाची कापणीही पाहायला मिळते. हाताशी तिसरा दिवस असल्यास सुमारे ८० किलोमीटरवरच्या सिरपूरला विटांचे लक्ष्मण मंदिर पाहून यावे. बॅगेत मुलांसाठी एक कोरी वही आणि पेन्सिल जरूर असावी. संग्रहालयात ब्राह्मी लेखापुढे उभे राहून दोन ओळी उतरवून घ्यायला सांगाव्यात. अर्थ घरी आल्यावर शोधता येईल.