मावशीचं कोरडं लुगडं

परदेशी जायचं ठरलं की अकोले गावात माणसं माझ्याकडे विचारायला येतात. कुणाला लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सी गाठायची असते, कुणाचा मुलगा मेलबर्नला असतो. शिकागोला लेकीकडे मी थंडीत राहून आले, उन्हाळ्यात राहून आले, पानं गळतानाही राहिले. म्हणून बॅग कशी भरायची ते बाईंना विचारा, असं झालंय. मी सांगते, आणि दरवेळी वाटतं, यातलं निम्मं श्रेय माझं नाही. ते एका बाईचं आहे. तिला मी मावशी म्हणायचे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या एका वाडीवर शिक्षिका होते. अकोले तालुका एकच, पण पावसाच्या हिशेबात दोन. इकडे अगस्तींच्या देवळापाशी माणूस छत्री उघडावी की नको या विचारात असतो, तेव्हा तिकडे रतनवाडी-घाटघरला धुकं उंबरा ओलांडून घरात आलेलं असतं. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पहिल्याच आषाढात माझ्या ट्रंकेतल्या सुती साड्यांना बुरशी लागली.

मावशी शेजारी राहायची. महादेव कोळी समाजातली, स्वतःचं थोडं भात आणि नाचणी असलेली. भात निघालं, दिवाळी झाली की नवरा-पोरांना घेऊन ती जुन्नर-नारायणगावकडे मजुरीला जायची आणि होळीला परतायची. दरसाल तिचं अख्खं बिऱ्हाड बांधलं जायचं आणि सुटायचं. मी ओट्यावर बसून ते पाहायचे.

आधी सारवलेल्या जमिनीवर ती मेणकापड पसरायची. त्यावर घोंगडी, मग वाकळ, मग कपडे. पातेल्यात पातेलं, आणि सगळ्यांत आतल्या पातेल्यात मीठ-मिरचीच्या पुरचुंड्या, म्हणजे रिकामी जागा म्हणून राहायचीच नाही. काडेपेटी चिंधीत गुंडाळून पत्र्याच्या डबीत. विळ्याच्या पात्याला गोणपाट. तवा मात्र सगळ्यांत वर. मी विचारलं, जड वस्तू वर का? ती म्हणाली, "बाई, पोचल्यावर आधी काय लागंल? भाकर. मग तवा खाली घालून कसं चालंल?" आणि या सगळ्याहून निराळं एक लहान बोचकं काखेत असायचं. त्यात तिचं एक लुगडं आणि पोरांचा एकेक कपडा. मोठं बोचकं टेम्पोत मागे पडलं, भिजलं, राहिलं, तरी काखेतलं सुटायचं नाही.

पावसाळ्यातही तिचा हाच नेम. चुलीच्या वर दोरीवर एक लुगडं कायम वाळत असायचं. दिवसभर इरलं घेऊन आवणीत भिजायचं, पण निजताना अंगाला कोरडं हवं. एका श्रावणात मला सडकून ताप भरला. रस्ता बंद, एसटी राजूरच्या पुढे येत नव्हती. मावशीने दोरीवरचं ते लुगडं काढून मला नेसवलं, वर घोंगडी घातली, आणि स्वतः ओलेत्यानेच चुलीपाशी बसून रात्रभर लाकडं सारत राहिली. त्या घरात दुसरं कोरडं लुगडं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि तिलाही.

शिकागोच्या जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथे जाणाऱ्यांना मी तिचंच सांगते. एक जाडजूड स्वेटर नेऊ नका, कारण घरं, दुकानं, गाड्या आतून गरम असतात आणि दारात पाऊल ठेवताच तो नकोसा होतो. अंगालगत पातळ थर्मल, त्यावर लोकर, सर्वांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. कापूस घामाने ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो, लोकर दमट झाली तरी ऊब धरून राहते. घोंगडी पांघरून भाताच्या बांधावर उभ्या राहणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. जड कोट बॅगेत घालू नका, अंगावर किंवा हातावर घेऊन विमानात चढा, तेवीस किलोतले दोन-तीन वाचतात. हातातल्या पिशवीत औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि कपड्यांचा एक पूर्ण जोड. बॅग दुसऱ्या विमानाने आली तरी रात्र निभावते. एप्रिल-मेमध्ये जाकीट वारा-पावसाचं घ्या, जुलैत मात्र बिनधास्त सुती न्या, तिथेही आपल्यासारखं तापतं. मेलबर्नवाल्यांनी उलटं धरायचं: आपल्या नाताळात तिथे ऊन, आपल्या आषाढात थंडी. आणि माया कितीही असली तरी घरचं बियाणं सामानात घालू नका, त्याला कागदपत्रं लागतात. सुकं खोबरंही विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं.

थंड मुलखात निघालेल्यांना हे सांगताना मला आनंदीबाई जोशी आठवतात. त्या 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. फिलाडेल्फियाचे हिवाळे साडीत काढून 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. तिकडची थंडी त्यांच्या प्रकृतीला सोसली नव्हती. तिथल्या रोसेल गावी कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाईंनी त्यांना लेकीसारखं घरात घेतलं. परक्या मुलखात गेलेल्या बाईला ऊब देणारं असं माणूस भेटणं किती मोठं असतं, ते मला भंडारदऱ्याच्या काठावर कळलं होतं. मी तर जिल्हासुद्धा ओलांडला नव्हता.

मावशी आता नाही. नोकरी लागलेल्या मुलीने बाहेरून येऊन राहावं आणि शेजारणीने तिला आपलं एकुलतं कोरडं वस्त्र द्यावं, याची परतफेड पैशाने होण्यासारखी नव्हती, आणि तिने ती घेतलीही नसती. तिच्या नातीला शिकताना जे लागलं ते मी पाहिलं, पण त्याला मी फेड म्हणत नाही.

अजूनही दिवाळी झाली की आमच्या पश्चिम पट्ट्यातून बोचकी बांधून माणसं निघतात, आणि सकाळी नारायणगावला रस्त्याकडेला कामाची वाट बघत उभी राहतात. तुमच्या मळ्यात ती आली तर मजुरी ठरवण्याआधी त्यांना रात्री निजायला कोरडी जागा दाखवा.