सामान ठेवायला जागा

माझे बाबा गिरणीत लागले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि ती ठेवायला लालबागच्या एका खोलीत भिंतीलगत हातभर जागा होती. खोली गावकीची. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीचे आणि आजूबाजूच्या वाड्यांचे चाकरमानी तिथं पाळीपाळीनं राहायचे. रातपाळीचा माणूस कामावरून आला की दिवसपाळीवाल्यानं मोकळ्या केलेल्या जागेवर अंग टाकायचा. जेवण खानावळीत. कपडे अडकवायला भिंतीत एक खिळा, अंथरायला वळकटी, आणि बाकीचा सगळा संसार त्या ट्रंकेत: पगाराच्या चिठ्ठ्या, आजीनं बांधून दिलेलं कुळथाचं पीठ, गावच्या देवीचा अंगारा, घरून आलेली पोस्टकार्डं.

झोपायची जागा कुणा एकाची नव्हती. ट्रंकेची जागा मात्र ज्याची त्याची होती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि महिने लोटले तशी खोलीतली निम्मी माणसं एसटी धरून गावी गेली. बाबाही गेले. गावात त्यांनी मिळेल ती मजुरी केली. पण खोलीतल्या ट्रंका कुणी हलवल्या नाहीत. ज्यांचं भाडं थकलं होतं त्यांच्यासुद्धा. बाबा म्हणतात, मुंबईत आपलं अजून काहीतरी आहे, हा भरवसा त्या ट्रंकेमुळं राहिला. पुढं गिरणी काही सुरू झाली नाही. ते वॉचमन झाले, उशिरा लग्न झालं, दिव्याला एक खोली झाली. माझी शाळेची पुस्तकं त्याच ट्रंकेत असायची. आम्ही गरीब होतो, पण बेघर हा शब्द आमच्या घरात कुणी कुणाबद्दल वापरलेला मला आठवत नाही.

तो शब्द मला लंडनमध्ये लागू झाला.

मी २०२१मध्ये एमएस्सी करायला गेलो. अभ्यासक्रम संपला, काम करायचा व्हिसा मिळाला, पार्क रॉयल भागातल्या एका गोदामात तुटपुंज्या तासांचं काम मिळालं. आणि थंडी सुरू होता होता मी ज्याच्याकडे पोटभाडेकरू होतो त्यानं खोली सोडायला सांगितली. नवी खोली मिळेना. इंग्लंडमध्ये घरमालकाला भाडेकरूचा व्हिसा तपासावा लागतो. कागद बरोबर असले तरी तेव्हा दलाल इंग्लंडमधला जामीनदार मागायचे, तो नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. माझ्यासारख्याच्या व्हिशावर आणखी एक अट असते: सरकारी मदतीवर हक्क नाही. म्हणजे कौन्सिलच्या दारात जाऊन बेघर म्हणून निवारा मागायची सोयच नाही. मित्रांच्या सोफ्यांवर काही रात्री गेल्या. मग त्यांच्या घरमालकांनी हरकत घेतली. मग रात्रीच्या बसगाड्या.

रात्री इलफर्डकडे जाणाऱ्या बसच्या वरच्या मजल्यावर काचेला डोकं टेकून झोपणारी किती माणसं असतात, हे दिवसा तीच बस पकडणाऱ्याला कळणार नाही. शेवटच्या थांब्यावर उतरायचं, परतीच्या गाडीची वाट पाहायची. पहाटे स्वस्तातल्या जिममध्ये आंघोळ. तिथलं लॉकर रोज रिकामं करावं लागायचं. सुट्टीच्या दिवशी व्हाइटचॅपलच्या वाचनालयात बसायचं. अंगावरचे कपडे स्वच्छ, दाढी केलेली. मला बघून कुणाला काही कळलं नसतं. कळायचं ते सॅकमुळं. झोपायची पिशवी, बूट, भांडं, कागदपत्रं, गोदामाचा गणवेश, सगळं पाठीवर. स्टेशनवर सामान ठेवायला दिवसाचे इतके पौंड पडतात की त्यात दोन दिवसांचं जेवण होतं. बाबा फोनवर विचारायचे, "जेवलास काय रं? सामान नीट हाय ना?" मी हो म्हणायचो.

त्या शुक्रवारी गोदामातल्या एका सहकाऱ्याचा शेवटचा दिवस होता. सगळे पबमध्ये जाणार होते आणि मलाही ये म्हणाले. मला जायचं होतं. थंडीपेक्षा एकटेपणानं मी जास्त थकलो होतो. पबमध्ये एकेकानं पाळीपाळीनं सगळ्यांसाठी पेयं आणायची रीत असते, तिला राउंड म्हणतात. सहा जणांच्या राउंडला जितके पैसे लागले असते तितक्यात हॉस्टेलमधली एक रात्र निघते. म्हणून मी आधीच सांगितलं की मी फारसा पीत नाही, माझं मी बघतो. अर्धा ग्लास बिअर आणि सूप घेतलं. दारावरच्या सुरक्षारक्षकानं फक्त माझी सॅक उघडायला लावली होती. बाकीच्यांच्या लॅपटॉपच्या बॅगा तशाच आत गेल्या. तेही मी मनावर घेतलं नाही. आत ऊब होती, माणसं माझ्या नावानं हाक मारत होती. त्यांच्या गप्पा ऐकता ऐकता माझे डोळे मिटले.

खांद्यावर हात पडला तेव्हा मॅनेजर समोर उभा होता. "तुम्हाला जास्त झाली आहे," तो म्हणाला. मी ग्लास दाखवला. त्यानं ग्लासकडे पाहिलंच नाही, टेबलाखालच्या सॅककडे पाहिलं. झोपायच्या पिशवीचं टोक बाहेर आलं होतं. "इथं झोपता येणार नाही. ही जागा त्यासाठी नाही." मी म्हटलं, मी गिऱ्हाईक आहे, पैसे दिले आहेत, दिवसभर गोदामात उभा होतो, डोळा लागला. तो म्हणाला, वाद घालू नका. शेजारच्याच टेबलावर कोटातला एक तरुण डोकं टेकून घोरत होता. त्याच्या डोक्यावर त्याचे मित्र बिअरखाली ठेवायचे पुठ्ठे रचत होते, फोटो काढत होते. मॅनेजरनं त्यांना हसून दाद दिली होती. त्याला खरोखर जास्त झाली होती. पण त्याला घर असणार, हे त्याच्या रिकाम्या हातांवरून दिसत होतं.

माझ्या टेबलावर कुणी बोललं नाही. पोलंडची एक मुलगी उठायला लागली, तिला दुसऱ्यानं हातानं खाली बसवलं. सुरक्षारक्षकानं सॅक उचलून बाहेर फुटपाथवर ठेवली आणि दार लावून घेतलं.

नंतर मी कायदा वाचला. पब कितीही सर्वांसाठी असला तरी जागा खाजगी. मालक कारण न देता बाहेर जा म्हणू शकतो. वर्ण, धर्म, लिंग, अपंगत्व अशा कारणांनी मात्र नाकारता येत नाही. २०१०च्या समानता कायद्यात अशी नऊ कारणं आहेत. बेघरपण त्यांत नाही. मला माझ्या रंगामुळं काढलं असतं तर मी तक्रार करू शकलो असतो. सॅकमुळं काढलं, म्हणून कायद्याच्या लेखी काही घडलंच नाही. उघड्यावर झोपणं गुन्हा ठरवणारा १८२४चा कायदा नेपोलियनशी लढून परतलेले, रस्त्यावर आलेले सैनिक नजरेआड करायला केला होता. २०२२मध्ये संसदेनं तो रद्द करायचं ठरवलं, पण माझ्या त्या हिवाळ्यात तो अजून लागू होता.

जॉर्ज ऑर्वेलनं १९३३च्या आपल्या पहिल्या पुस्तकात लंडनच्या फिरस्त्यांबरोबर काढलेल्या दिवसांबद्दल लिहिलंय. बेघरांच्या सरकारी कोठड्यांत शिरताना झडती व्हायची, चीजवस्तू काढून घेतली जायची, आणि एका कोठडीत महिन्यातून एकदाच राहता यायचं, म्हणून माणसं नुसती चालत राहायची. त्याच ऑर्वेलनं १९४६मध्ये आदर्श पब कसा असावा यावर एक गोड लेख लिहिला. हे दोन्ही लिहिणारा माणूस एक आहे, याचा मला त्या दिवसांत फार आधार वाटला.

साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात मी पुष्कळदा जेवलो. तिथं बूट ठेवायची जागा होती, तिथंच एका सेवेकऱ्यानं माझी सॅक कोपऱ्यात ठेवून घेतली. "कहाँ से हो" इतकंच विचारलं. तासभर पाठ मोकळी होती. मी सावकाश जेवलो, मग दुसऱ्यांना वाढायला उभा राहिलो. महिनाभरात पहिल्यांदा मी कुणासाठी तरी काही करत होतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासूनचं आहे. तिकडे जायचा धीर मला झाला नाही. आपल्या माणसांत पहिला प्रश्न "कुठे राहतोस?" हाच येतो, आणि तो प्रेमानंच विचारलेला असतो.

वसंत येता येता एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं स्वतः जामीन राहून मला खोली मिळवून दिली.

मी इंग्रजांकडे बोट दाखवून थांबणार नाही. आपल्या राज्यात १९५९चा भीक-प्रतिबंधक कायदा आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी वावरतो, त्यावरून माणूस भिकेवर जगत असावा असं वाटलं, तरी कायद्याच्या व्याख्येत तो भिकारी ठरू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८मध्ये या कायद्याची बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. दादरला पुलाखाली गाठोडं घेऊन बसलेल्या बाईकडे आपण ज्या नजरेनं पाहतो, ती नजर मी आता ओळखतो. गाठोडं जवळ ठेवण्यावाचून तिच्यापुढं दुसरा मार्ग नसतो. ते सोडून ती कामाला गेली तर परत येईपर्यंत ते उचललेलं असतं, आणि घेऊन गेली तर काम कोण देणार?

लिस्बन शहरात एका संस्थेनं बेघरांसाठी रस्त्यावर लॉकर बसवले आहेत. ज्याचं लॉकर, त्याच्याकडे किल्ली. घर द्यायला पैसा लागतो, जमीन लागते, राजकीय इच्छा लागते. ते सगळं मागत राहिलंच पाहिजे. कुलूपबंद कपाटाला यातलं फारसं काही लागत नाही. मुंबईतल्या प्रत्येक रात्रनिवाऱ्यात ते असावं. आणि परदेशातल्या आपल्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे: तुमच्या सभागृहाची एक भिंत शिकायला, कमवायला आलेल्या पोरांच्या सामानासाठी द्या. नाव लिहून घ्या, पासपोर्ट बघा, किल्ली त्याच्या हातात ठेवा. रात्री कुठे झोपतोस, हे त्यानं आपण होऊन सांगेपर्यंत विचारू नका.