तीन किलो कॉफी आणि चार भांडी

आज बहार नाही, ताण नाही, डिंक्याही नाही. आज कॉफी. शेतीच्या पानावर कॉफी कायले, असं कोणी म्हणेलच. पण वाचून पाहा, हे सगळं निचऱ्याचंच प्रकरण आहे.

झालं असं की डिसेंबरात आंबियाची तोडणी चालू असताना चिखलदऱ्याचा एक मित्र आला होता. जाताना त्याला दोन कॅरेट संत्री दिली. जानेवारीत त्याने तीन किलो कॉफी पाठवली. पावडर नाही, भाजलेलीही नाही, हिरव्या वाळलेल्या बिया. बाहेरच्या जिल्ह्यातल्या लोकांना पटत नाही, पण आपल्या मेळघाटाच्या डोक्यावर इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. हजार-अकराशे मीटर उंची, सावली, थंड हवा, कॉफीला जे लागतं ते तिथे आहे. धंदा म्हणाल तर कर्नाटकासारखा नाही, देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकटा कर्नाटक पिकवतो. पण आहे.

तीन किलो म्हणजे किती ते आधी सांगतो. एक किलो साफ बी मिळायला पाच-सहा किलो लाल फळ हाताने तोडावं लागतं. म्हणजे माझ्या घरी आलेल्या पिशवीत पंधरा-अठरा किलो फळाची तोडणी होती. भाजल्यावर वजन १५ ते २० टक्के घटतं, अडीच किलो उरते. कपाला १५ ग्रॅम धरली तर १६५ कप. आता एवढी मेहनतीची वस्तू कोणत्या भांड्यात करायची हा प्रश्न बारीक नाही.

भाजणं लोखंडी कढईत, मध्यम आचेवर, हात न थांबवता. बारा-पंधरा मिनिटांत लाह्यांसारखी तडतड सुरू होते, ती मंदावली की उतरवायची आणि सुपात पाखडून फोलपट उडवायचं. लगेच दळायची नाही, एक-दोन दिवस ठेवायची. ताज्या भाजलेल्या बीत वायू भरलेला असतो, पाणी टाकलं की फसफसते आणि पाणी आत नीट शिरत नाही. पाव किलोच्या वर एका वेळी भाजत नाही.

खरी गंमत दळण्यात आहे. काळ्या जमिनीत पाणी जिरायला वेळ लागतो आणि मुरमाड जमिनीतून सरळ खाली जातं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कॉफीचं तसंच. बारीक पूड म्हणजे काळी जमीन: पाणी थांबतं, जास्त ओढून घेतं, फार थांबलं तर कडू. जाड भरड म्हणजे मुरूम: पाणी पळतं, चव फिकी आणि आंबूस. म्हणून भांडं आधी ठरवायचं की दळण आधी, असं नसतंच. दोन्ही एकाच वेळी ठरतं. पाणी जितका वेळ पुडीत राहणार तितकी पूड जाड हवी.

आणि आपल्याकडे दळायला काय, तर मिक्सर. मिक्सर एकसारखं दळत नाही. त्यात अर्धा रवा आणि अर्धा मैदा निघतो. मी थांबून थांबून फिरवतो आणि मग चाळणीने दोन भाग करतो. चाळणीवरची भरड वेगळ्या डब्यात, खालची पूड वेगळ्या. ह्या दोन डब्यांवरच पुढचं सगळं चाललं आहे.

पहिलं भांडं, चहाचं. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर, कॉफी एकत्र उकळायचं, वरून जायफळ, चहाच्या गाळणीने गाळायचं. पाहुणा आजारातून उठलेला असेल किंवा पुण्याकडची सोयरी आली असतील तर. इन्स्टंटला ही पद्धत चालते, कारण ती आधीच काढून वाळवलेली कॉफी असते, तिला फक्त विरघळायचं असतं. खऱ्या पुडीला मात्र पाच मिनिटं खळखळ उकळी म्हणजे जास्त पाणी देऊन मुळं सडवण्यासारखं आहे. करायचीच तर भरड घ्या, दूध उकळून गॅस बंद करा, मग भरड टाकून चार मिनिटं झाकून ठेवा. एवढ्यानेच निम्मा कडूपणा जातो.

दुसरं, स्टीलचा फिल्टर. मुलगा बेंगळुरूला कामाला असताना त्याने आणलेला. वरच्या डब्याच्या बुडाला भोकं, आत छत्रीसारखी दांडीची चकती, खाली दुसरा डबा. चाळणीखालची पूड वरच्या डब्यात तीन चमचे, वीसेक ग्रॅम. हलकी सारखी करायची, चकती ठेवायची, वरून उकळतं पाणी अर्धा पेला. मग झाकून विसरून जायचं. थेंब थेंब खाली पडतो, शुद्ध ठिबक. वाफा सारखा नसला तर पाणी एका बाजूने वाट काढतं आणि बाकीचा वाफा कोरडा राहतो, हे आपण शेतात पाहतो. ह्याच्यातही तसंच होतं, म्हणून पूड सारखी करणं महत्त्वाचं. जोरात दाबली तर ड्रीपर चोक झाल्यासारखा सगळा कारभार बंद पडतो.

ह्या अर्काला डिकॉक्शन म्हणतात. एक भाग अर्क, दोन-तीन भाग गरम दूध. पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, बेंगळुरूसारखी दाट नाही झाली." बरोबर आहे. तिकडच्या पुडीत बहुतेक वेळा चिकोरी असते. चिकोरी कॉफी नव्हेच, ते एका झाडाचं मूळ, गुजरातेत त्याची शेती होते, भाजून दळतात. रंग देते, दाटपणा देते, पाणी हळू सोडते. वाईट नाही, काही लोकांना तीच चव लागते. पण तिच्यात कॅफिन अजिबात नाही. पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापलेलं असतं, मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी असा नियम आहे. रात्री जागायला कॉफी घेणाऱ्याने ती ओळ जरूर वाचावी. निम्मं मूळ पिऊन झोप जाणार नाही.

रात्रीचं म्हणाल तर मला कॉफीची खरी गरज तिथेच आहे. थ्री-फेज लाइन रात्रीची असली की दहाला मोटर चालू करून पहाटेपर्यंत बागेत. पूर्वी थर्मासमध्ये केलेली कॉफी न्यायचो, दोन तासांत दुधाला वास यायचा. आता फिल्टरचा अर्क एका लहान बाटलीत नेतो आणि थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी. लागेल तेव्हा पेल्यात दोन्ही एक करायचं, वाटलं तर गुळाचा खडा. दोननंतर मात्र घेत नाही, नाहीतर सकाळी घरी येऊन डोळा लागत नाही.

तिसरं, काचेचं फ्रेंच प्रेस. एका कंपनीच्या कार्यक्रमात भेट मिळालेलं, वर्षभर शोकेसमध्ये होतं. भरड टाका, गरम पाणी ओता, चार मिनिटांनी जाळीची दांडी दाबा. सगळ्यात सोपं हेच, आणि काळी कॉफी पिणाऱ्याला बियांची चव ह्यातच सगळ्यात जास्त कळते. चिखलदऱ्याच्या बीला मागून येणारा एक गोडसर वास आहे, तो मला ह्यातच सापडला. पण दुधात ती हरवते. काच सांभाळावी लागते, आणि बुडाला गाळ राहतो तो शेवटच्या घोटात तोंडात येतो. शिट्टीसारखं खालून वर पाणी चढवणारं मोका पॉट पुतण्याकडे पाहिलं. कॉफी कडक, झकास. पण गॅससमोर उभं राहावं लागतं, सकाळी धार काढायच्या वेळेला कोण उभं राहणार. घेतलं नाही.

इथपर्यंत सगळं जिभेचं झालं. मग फेब्रुवारीत आमच्या घरच्यांचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी गोळी दिली, तळण बंद, चहा-साखर कमी. आणि एक प्रश्न विचारला जो मला अजून कोणी विचारला नव्हता: कॉफी घेता का, आणि घेता तर कशी करता?

कारण असं. कॉफीच्या बीत तेल असतं आणि त्यात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे दोन पदार्थ असतात. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. नॉर्वेत लोक कॉफी उकळून प्यायचे, तिथे १९८० च्या दशकात ही गोष्ट तपासात पुढे आली. उकळलेल्या कॉफीत हे तेल सगळ्यात जास्त. फ्रेंच प्रेसमध्येही बरंच, कारण धातूची जाळी गाळ अडवते, तेल अडवत नाही. कागदातून गाळली तर जवळजवळ सगळं कागदावर राहतं. म्हणजे शोकेसमधलं महाग काचेचं भांडं आणि आमचं काळवंडलेलं चहाचं भांडं, ह्या एका बाबतीत दोघं सारखेच निघाले. स्टीलचा फिल्टर म्हणजे शेवटी भोकंच, त्याच्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. दिवसाला एखादा कप घेणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण ज्याचं आधीच वाढलेलं आहे आणि जो तीन कप घेतो त्याने पाहावं.

घरी आल्यावर तिने ऐकवलंच, "अहो, चहा सोडाले लावला, आता कॉपीबी सोडू काय?"

सोडायची नव्हतीच. कागदी फिल्टर मुलाने ऑनलाइन मागवले. शंभर कागदांचं पाकीट. ते बसवायला प्लॅस्टिकचं खास भांडं येतं, पण मी एक नवं स्टीलचं नरसाळं आणलं. (फवारणीचं नाही हं. हे लिहावं लागतं, कारण आपल्यात काही महाभाग आहेत.) कागद बसवायचा, आधी गरम पाण्याने धुवून घ्यायचा म्हणजे कागदाचा वास जातो. मग पूड, फिल्टरपेक्षा थोडी जाड, प्रेसपेक्षा बारीक. मी दोन्ही डब्यांतली अर्धी अर्धी घेतो. पहिलं पाणी थोडंच, सगळी पूड भिजेल एवढं, आणि अर्धा मिनिट थांबायचं. कोरड्या ठणठणीत जमिनीला एकदम पाणी सोडलं तर वरून वाहून जातं, आधी ओल द्यावी लागते, तसंच हे. मग बाकीचं पाणी हळूहळू गोल फिरवून. तीन मिनिटांत होतं.

पहिल्या दिवशी तिने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. म्हणे, नुसतं रंगीत पाणी. तिचंही खरं होतं. तेलाबरोबर तोंडाला जाणवणारा जडपणा जातो. साय काढलेलं दूध घातलं, तरी चेहरा तोच. दोन दिवस असेच गेले, मला वाटलं आता ही गुपचूप चहाच्या भांड्याकडे वळणार. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच जायफळ घेतलं आणि दुधात न किसता कागदातल्या कोरड्या पुडीवर किसलं, मग पाणी ओतलं. सगळं घर वासाने भरलं. आम्ही इतकी वर्षं जायफळ शेवटी टाकत आलो. पुडीत टाकलं की त्याचा वास गरम पाण्याबरोबर सावकाश उतरतो आणि वर कण तरंगत नाहीत. आता ते नरसाळं तिचं आहे, मला हात लावू देत नाही. कप मात्र तीनचे दोन केले. गोळी चालू आहे, पुढची तपासणी अक्षय तृतीयेनंतर. फरक पडला तर तो गोळीचा, पथ्याचा की कागदाचा, हे कोणी वेगळं काढू शकणार नाही, हेही खरं.

सूनबाईंचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांच्यासाठी भांड्याचा नाही, वेळेचा नियम आहे. लोहाची गोळी आणि जेवण ह्यांच्या आगेमागे एक तास कॉफी नाही, चहाही नाही. दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. हे कोणत्याही पद्धतीने केलेल्या कॉफीला लागू.

तर सध्या घरात असं चाललं आहे: सकाळी मुलगा आणि पाहुणे-रावळे फिल्टरवर, घरचे कागदावर, रात्री मी बाटलीतल्या अर्कावर, आणि फ्रेंच प्रेस रविवारी दुपारी, जेव्हा मला कोणी काम सांगत नाही. चहाचं भांडं चहाकडे परत गेलं. तीन किलोतल्या दीड किलो बिया अजून शिल्लक आहेत, हिरव्या, कापडी पिशवीत, कोरड्या जागी.

चिखलदऱ्याच्या मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला पर्यटकांसाठी पाव पाव किलोची पाकिटं करायची आहेत, सगळी एकसारखी बारीक दळून. मी म्हटलं, तसं करू नको. घेणारा घरी जाऊन चहाच्या भांड्यात उकळणार, कडू झाली की नाव तुझ्या कॉफीचं जाईल. दोन दळणं ठेव, जाड आणि बारीक, आणि पाकिटावर मराठीत लिही की हे कोणत्या भांड्यासाठी आणि किती मिनिटं. तो म्हणाला, "भाऊ, मजकूर तुम्हीच लिहून द्या. अन् मृगाची दोन कॅरेट पाठवा, तोंड गोड असलं की हिशेब नीट जमतो."