काकूंचे तीन शब्द

‘भाऊ, पदर मेणचट दिसतोय.’

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाची वेबसाइट मी केली होती. साइट सुरू झाल्यावर महिन्याभराने दुकान चालवणाऱ्या काकूंचा हा फोन आला. मेणचट म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही. वहीत ‘क्वालिटी प्रॉब्लेम’ असं लिहिलं आणि ऑफिसच्या मॉनिटरवर साइट उघडली. सगळं स्वच्छ दिसत होतं. ‘काकू, माझ्याकडे तर छान दिसतंय,’ मी म्हणालो. आमच्या धंद्यात या वाक्याला दंड असता, तर मी केव्हाच बुडालो असतो.

चार दिवसांनी पुन्हा फोन. ‘मोबाइलवर अंधूक येतंय. मोराचा डोळाच दिसत नाही.’ मग मी ठरवूनच टाकलं की, फोटो वाईट आहेत. ते काकूंच्या पुतण्याने काढले होते आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवले होते. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि फाइल आणखी दाबली जाते, हे मला ठाऊक होतं. तरीही ‘व्हॉट्सअॅपवर टाका, सोपं पडेल’ असं सांगणारा मीच. ते मात्र मी काकूंना बोललो नाही. ‘चांगला फोटोग्राफर लावा,’ एवढंच म्हणालो.

त्यांनी नाशिकहून फोटोग्राफर बोलावला. साठ साड्या, दोन दिवस. घडी मोडायची, पदर मांडायचा, फोटो काढायचा, पुन्हा घडी घालायची. या वेळी फोटो पेनड्राइव्हवरून मूळ मापात आले, ६००० बाय ४००० पिक्सेल. मी ते चढवले आणि निर्धास्त झालो. संध्याकाळी काकू म्हणाल्या, ‘अंधूक आहे तसंच आहे. मेणचटपणाही गेला नाही. आणि आता राणी रंग विटका दिसतोय.’

मला एकच तक्रार ऐकू आली: फोटो धूसर आहेत. मी फोटोशॉपमध्ये धार वाढवली. जरीच्या प्रत्येक तारेला पांढरी कड आली आणि खरी जर खोटी दिसायला लागली. रंग उठून दिसावेत म्हणून ते भडक केले, तर वांगी रंगाची साडी चक्क जांभळी झाली. ती पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने परत पाठवली. ‘फोटोतली साडी ही नव्हेच,’ असा निरोप सोबत होता. जाण्यायेण्याचा खर्च काकूंनी सोसला. त्या दिवशी मला लाज वाटली आणि मी दुसऱ्या सकाळी येवल्याची एसटी धरली.

दुकानात गादीवर बसलो. काकूंनी तीच साडी माझ्या मांडीवर पसरली आणि शेजारी आपला मोबाइल धरला. ‘हे बघा, आणि ते बघा.’ आठ महिन्यांत मी ही साइट त्यांच्या फोनवर पहिल्यांदाच पाहत होतो. मांडीवरच्या मोराची मान तारेतारेने दिसत होती, फोनमधल्या मोराला मानच नव्हती. ‘मेणचट म्हणजे कसं, काकू?’ हा प्रश्न मी तेव्हा विचारला. त्या म्हणाल्या, ‘अंधूक म्हणजे चष्मा नसल्यासारखं. मेणचट म्हणजे वरून मेणाचा हात फिरवल्यासारखं, तार तारेत मिसळलेली. आणि विटकं म्हणजे कापड चार धुण्यांत निघाल्यासारखं. तिन्ही वेगळं आहे ना, भाऊ?’

वेगळंच होतं. आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या जागी होतं.

अंधूकपणाचं कारण दहा सेकंदांत सापडलं. फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडला, तर फाइलच्या नावात शेवटी ३०० हा आकडा. साइट वर्डप्रेसवर होती. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या प्रती करून ठेवतं आणि २०१५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून त्यांची यादी ब्राउझरला देतं. कुठल्या पडद्याला कुठली प्रत लागेल, ते ब्राउझर ठरवतो. इथे मात्र सगळ्यांनाच ३०० पिक्सेलची प्रत जात होती. माझ्या जुन्या मॉनिटरवर साडीची चौकट बरोबर ३०० पिक्सेलांची, म्हणून मला सगळं छान. काकूंच्या फोनची रुंदी १०८० पिक्सेल आणि तिथे फोटो पडदाभर. म्हणजे एका ठिपक्याला जवळजवळ तेरा ठिपक्यांची जागा भरायला मी लावत होतो.

ती यादी बंद कोणी केली होती? मीच. साइट देताना वेगाचा स्कोअर हिरवा दिसावा म्हणून कोडमध्ये एक ओळ टाकली होती. ९६ आला होता. त्याचा स्क्रीनशॉट मी काकूंना पाठवला होता. त्यांनी उत्तरादाखल नमस्काराचे दोन हात पाठवले होते.

मेणचटपणाही माझाच. जेपेग पद्धत फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि त्यातला बारीक फरक आधी टाकून देते. आभाळाच्या फोटोत ते कळत नाही; पैठणीत तो बारीक फरक म्हणजेच विणकाम. शिवाय डोळ्याला उजेडाइतका रंग बारकाईने दिसत नाही, या हिशेबाने सहसा शेजारच्या चार पिक्सेलांचा रंग मिळून एकच ठेवतात. राणी रंगावरची जरीची बारीक रेघ त्यात कालवली जाते. वर्डप्रेस प्रती बनवताना जेपेगचा दर्जा मुळातच ८२ वर ठेवतं. त्यावर मी फोटो हलके करणारं एक प्लगइन बसवून ६० वर दाबलं होतं. दाबलेलं पुन्हा दाबलं, त्याचं मेण झालं.

आणि विटका रंग? फोटोग्राफरचा कॅमेरा अॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर होता. अशा फाइलसोबत रंग कसे वाचायचे, हे सांगणारी एक छोटी प्रोफाइल असते. ती असेल तर ब्राउझर रंग नीट दाखवतो. नसेल तर साधी एसआरजीबी समजून वाचतो आणि रंग फिके पडतात. माझ्या प्लगइनने ‘अनावश्यक माहिती काढा’ या खुणेखाली तीच काढून टाकली होती. त्या प्रोफाइलचं वजन ५६० बाइट. अर्धा केबी वाचवायला मी साठ पैठण्या विटवल्या होत्या.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. ती ओळ काढली, फोटो एसआरजीबीत आणून सगळ्या प्रती नव्याने बनवल्या, प्लगइन काढलं. पदराच्या जवळच्या फोटोंत रंग पूर्ण तपशिलात ठेवला. खालचे फोटो पान सरकवल्यावरच उतरतील असं केलं. स्कोअर ८१ वर आला. ‘झालं’ म्हणून फोन केला, तर काकू म्हणाल्या, ‘तसंच आहे.’ ‘तुमचं नेट...’ असं तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. कॅशेत जुन्या फाइली बसलेल्या होत्या. तीही व्यवस्था माझीच.

वर्षाच्या देखभालीचं बिल मी त्या वर्षी लावलं नाही. फोटोग्राफरच्या दोन दिवसांची भरपाई त्यातून निघाली. परत आलेल्या साडीची आणि मधल्या महिन्यांत नुसती पाहून निघून गेलेल्या गिऱ्हाइकांची निघाली नाही.

कॅशे साफ केल्यावर काकूंनी साइट उघडली. मी फोन कानाला लावून थांबलो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘भाऊ, तेवीस नंबरची साडी काढून टाका.’

पोटात गोळा आला. ‘का? काय दिसतंय?’

‘मोराच्या पायाशी एक तार सुटलीये. माझ्या नजरेतून निसटली होती. आत्ता दिसली.’