तीन टॉर्च, एक दोरी

फंडा सिंपल आहे. पाण्याखालच्या गुहेत शिरायचं तर माणशी टॉर्च तीन. एक मेन, दोन बॅकअप. मेन बंद पडला की डाइव्ह खलास, बॅकअप लावायचा आणि गुपचूप बाहेरची वाट धरायची. 'अजून पाचच मिनिटं' हा आपला लाडका प्रकार इथे चालत नाही. मेक्सिकोत प्लाया देल कार्मेनजवळ, चाक मूल नावाच्या सेनोटेच्या काठावर आमचा गाईड हे सगळं इतक्या थंडपणे सांगत होता, जणू चहात साखर किती हवी ते विचारतोय!

सेनोटे म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली, पाण्याने भरलेली गुहा. युकातानच्या पोटात अशा गुहांचं जाळंच आहे. साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन सिस्टिम्स आतून जोडलेल्या आहेत, हे 2018 मध्ये डायव्हर्सनी शोधलं, तेव्हा एकूण लांबी भरली 347 किलोमीटर. आपण मुंबईहून निघून सातारा कधीच मागे टाकला असता. तुमच्या-माझ्यासारख्यांना परवानगी मात्र फक्त 'कॅव्हर्न'ची. म्हणजे दिवसाचा उजेड दिसतो तिथपर्यंत आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून 60 मीटरच्या आत. त्यापुढे बोर्ड लागतो. त्यावर कोयताधारी सांगाडा, यमाचा फॉरेनमधला चुलतभाऊ.

तारकर्लीच्या हिरवट पाण्यात डायव्हिंग शिकलेल्या मला इथलं पाणी दिसलंच नाही, इतकं नितळ. आणि दहा-बारा मीटरवर सगळं अचानक विरघळलं. हा हॅलोक्लाइन. वर गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं. दोन्ही शांत असतात तोवर ठीक, पण पुढच्याच्या फिन्सनी ते ढवळले की चष्म्याला तूप फासल्यासारखं दिसतं. गाईडचं तोंड, टाकी, पाय सगळं गेलं, उरला त्याच्या टॉर्चचा एक गोळा. मी थोडी बाजूला सरकले, त्याने बजावल्याप्रमाणे, आणि चित्र पुन्हा फोकसमध्ये आलं.

तो गोळा म्हणजेच इथली भाषा. भिंतीवर सावकाश वर्तुळ काढलं की 'ओके?' आणि उत्तरही वर्तुळानेच द्यायचं, नाही दिलं तर समोरचा चिंतेत. हळू आडवी हालचाल म्हणजे 'इकडे बघ'. जोरजोरात आडवी म्हणजे इमर्जन्सी. म्हणूनच उगाच हात हलवत टॉर्च फिरवणारा डायव्हर कुणालाच आवडत नाही. आणि कुणाच्या डोळ्यात टॉर्च मारणं? चक्क असभ्यपणा.

पण खरी परीक्षा गाळाची. चुकीची एक किक, तळाचा गाळ उठतो आणि पाण्याची ताकाची कढी होते. दुकानात ल्युमेन्सच्या आकड्यावर भाळणाऱ्यांनी इथे नीट वाचावं. पावसाळ्यात आंबोली घाटात धुक्यात हाय बीम मारून बघितलाय? समोर नुसती पांढरी भिंत. इथेही तेच. प्रकाश गाळाच्या कणांवर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो. त्यामुळे पसरट झोतापेक्षा अरुंद, टोकदार झोत बरा. काहीच दिसेना, तर टॉर्च छातीशी झाकायचा, म्हणजे दुसऱ्याचा प्रकाश किंवा तोंडाकडचा निळा उजेड दिसण्याचा चान्स असतो. तोही नसेल तर? दोरी. अंगठा आणि बोटाची कडी करून दोरीभोवती धरायची, दुसऱ्या हाताने जोडीदाराचा दंड. पुढे ढकललं की चल, दाबून धरलं की थांब.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 2018 च्या जुलैमध्ये हेच घडलं. 12 मुलं आणि त्यांचा कोच आत अडकलेले, पुराचं पाणी चिखलाचं. पाणी उपसायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची एक्स्पर्ट मंडळीही गेली होती. शेवटच्या दिवशी ब्रिटिश डायव्हर क्रिस ज्युएल एका मुलाला घेऊन येत असताना त्याच्या हातून दोरी सुटली. महागड्या लाईट्सचा उपयोग शून्य. चाचपडताना हाताला एक विजेची केबल लागली, तिच्या आधाराने तो मुलासकट मागच्या चेंबरमध्ये पोचला. मूल वाचलं.

जाणार असाल तर ओपन वॉटर सर्टिफिकेट हवंच, आणि तळाला न टेकता तरंगता आलं पाहिजे. भाड्याने मिळालेला टॉर्च काठावरच दोन-चारदा ऑन-ऑफ करून बघा. अंधुक वाटला तर लगेच बदलून मागा, गाईड अजिबात रागावत नाही.