डाव्या हाताची तीन बोटं

चि. सुमन,


तू पाठवलेला हाताचा फोटो मोठा करून पाहिला. सासूबाई म्हणतात ती ‘उष्णता’ मला काही पटत नाही. भेगा कुठे आहेत बघ. डावा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तेही शेंड्यांवर. उजवा हात जवळजवळ स्वच्छ. तू सुरी उजव्या हातात धरतेस आणि लसूण डाव्या चिमटीत. तुझ्यासारख्या, जेवणाच्या डब्यांसाठी रोज ढीगभर लसूण सोलणाऱ्या बायकांची नेमकी हीच बोटं फुटतात.

लसणातलं डायअलिल डायसल्फाइड काहींना बाधतं, आणि एकदा ॲलर्जी जडली की थोडा लसूणही पुरतो. बहुतेक हातमोज्यांतूनही ते आत झिरपतं, तेव्हा मोजे घालून निर्धास्त होऊ नकोस. सोलणं-चिरणं सध्या बंदच कर.

सगळं खापर लसणावर फोडू नकोस, साबणही आहेच. कातडी किंचित आम्लधर्मी, बहुतेक साबण अल्कधर्मी. दिवसभर हात ओले राहिले की कातडीतली स्निग्धता धुऊन जाते. मग ॲलर्जी नसलेल्याचेही हात फुटतात. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी मोजे घाल. अंगठी काढून ठेव, तिच्याखाली साबण अडकतो. हात पुसले की दर वेळी बिनवासाची पेट्रोलियम जेली लाव.

मेडिकलमधून मनानेच आणलेली मलमाची ट्यूब मात्र थांबव. अशा ट्यूबांत बहुधा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, सोडलं की परत येते. स्टेरॉइड वाईट नव्हे. डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचं, ठरलेले दिवस लावलं तर तेच दाह उतरवतं. मनाने लावत राहिलं तर कातडी पातळ होते, आणि मुळात नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. एकाच तळहाताला कोंडा आणि सोबत पायांनाही असेल, तर ते कातडी खरवडून बुरशी तपासतात. रात्री खाज वाढते का, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे का, घरात आणखी कुणी खाजवतं का, हे विचारतील; ती खरजेची लक्षणं. लसणाची खात्री पॅच टेस्टने होते. पाठीवर पट्ट्या 48 तास ठेवतात, काढल्यावर बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. पू झाला किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी जा.

‘कामाच्या बाईमाणसाचे हात असेच असायचे’ असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात, आणि त्या कौतुकापायी दवाखाना राहून जातो. सिमेंटने गवंड्याचे हात फुटले तर तो कामाचा आजार ठरतो. तुझंही तेच समज. हात वरून बरे दिसले तरी कातडीची ताकद परतायला काही महिने लागतात, तेवढा दम धर.

सोलायला माणसं लावलीस तर त्यांची मजुरी डब्याच्या दरात धर. सगळा लसूण एकीच्याच गळ्यात घालू नकोस, वाटून दे. आणि त्यांचीही बोटं मधूनमधून बघत जा.

तुझी,
ताई